जुन्या गाडीचे मेलेले काटे: सेन्सर सगळ्यात शेवटी विकत घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीकडची १९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. पाण्याच्या तापमानाचा काटा ‘सी’वरून (थंड) हलत नाही. पेट्रोलचा काटा अर्ध्यापर्यंत शहाण्यासारखा वागतो आणि मग एकदम खाली पडतो. चावी फिरवल्यावर तेलाचा लाल दिवा लागतच नाही. स्पीडोमीटर चाळीसच्या आसपास थरथरतो. बॉनेटखाली टेप गुंडाळलेल्या दोन-तीन तारा लोंबतायत, आणि एका भोकात सेन्सरच्या जागी चक्क बोल्ट पिळलेला आहे. मेस्त्री म्हणतात, सगळे सेन्सर नवे आणा.

आणू नका. निदान आज तरी नाही. जुन्या गाडीत काटा मेला की दहातल्या सहा-सात वेळा दोष तारेत नाहीतर अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या वाटेत, निघतो. नवा सेन्सर बसवूनही काटा जागचा हलला नाही की मग ‘मीटरच गेलंय’ म्हणून जुना चांगला मीटर भंगारात जातो.

या काट्यांची रचना अगदी साधी आहे. चावी चालू केली की मीटरमधल्या काट्याला करंट मिळतो, तिथून एकच तार सेन्सरपर्यंत येते, आणि सेन्सर आपल्या अंगाने, म्हणजे ज्या लोखंडात तो पिळलाय त्यातून, तो करंट अर्थला सोडतो. सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) कमी झाला की काटा वर जातो. म्हणजे तार कुठे तुटली तर काटा कायम ‘सी’वर किंवा ‘ई’वर (टाकी रिकामी), आणि तार बॉडीला घासून शॉर्ट झाली तर कायम ‘एच’वर (गरम) किंवा ‘एफ’वर (टाकी भरलेली). आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांना हे लागू पडते. तुमचा पाण्याचा काटा ‘सी’वर चिकटलाय, म्हणजे वाट कुठेतरी तुटली आहे, एवढे तर गाडीला हात न लावताच कळले.

हत्यारे फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, होल्डरसह १२ व्होल्ट ३.४ वॉटचा छोटा बल्ब आणि त्याला दोन हातभर तारा, झिरो नंबरचा पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १०, ३३ आणि १०० ओहमचे प्रत्येकी एक रेझिस्टर. रेझिस्टर २ वॉटचे किंवा त्याहून मोठे घ्या. पाव वॉटचे घेतलेत तर काटा हलायच्या आधी बोटे भाजतील.

सुरुवात अर्थिंगपासून. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा, क्लॅम्पला नव्हे, खुद्द शिशाच्या खांबाला. दुसरे टोक इंजिनच्या ब्लॉकवर, रंग खरवडलेल्या जागी. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. फिरताना आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर इंजिनची अर्थची पट्टी गंजली आहे किंवा सैल आहे. मग हेडलाइट लावून तेच बॅटरी ते बॉडी असे मोजा, इथे ०.१ च्या वर गेले तर चिंता करा. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत या पट्टीच्या टोकाला हिरवट-पांढरी भुकटी हमखास सापडते. पट्टी काढून दोन्ही बाजूंचे धातू चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा, आणि ग्रीस लावायचे ते आवळल्यानंतर वरून. आधी ग्रीस फासून मग आवळणारे बरेच असतात.

अर्थिंगची एक ओळखीची खूण आहे. हेडलाइट लावल्यावर पेट्रोल आणि पाणी दोन्ही काटे वर सरकले, किंवा इंडिकेटरच्या टकटकीबरोबर काटे नाचले, तर डॅशबोर्डच्या मीटरची अर्थ गेली आहे. या मीटरमध्ये व्होल्टेज कमी-स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो, त्यालाही अर्थ लागते. ती नसली की तो पूर्ण १२ व्होल्ट पुढे ढकलतो आणि दोन्ही काटे खोटे वर दाखवतात. अँबेसेडरसारख्या गाडीत हाच रेग्युलेटर मीटरच्या मागे वेगळ्या डबीत असतो आणि सरासरी १० व्होल्ट देतो. तो गेला तर ७८१० ही तीन पायांची आयसी, आत येणाऱ्या बाजूला ०.३३ आणि बाहेर जाणाऱ्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपेसिटर, असे त्याच डबीत बसते. जुना रेग्युलेटर तपासताना डिजिटल मीटरचा आकडा उड्या मारतो, त्यावरून तो बिघडला असे ठरवू नका. तो चालू-बंद होतच काम करतो.

आता लोंबणाऱ्या तारा. सुझुकीच्या जुन्या वायरिंगमध्ये तेलाच्या स्विचची तार पिवळी-काळी, पाण्याच्या काट्याची पिवळी-पांढरी, पेट्रोलची पिवळी-लाल. पण पंचवीस वर्षांत कुणी मध्येच कुठल्या रंगाचा तुकडा जोडला असेल ते रंगावरून कळत नाही. म्हणून बल्ब. चावी चालू, इंजिन बंद. तारेचे टोक बल्बमधून ब्लॉकला टेकवा, सरळ ब्लॉकला नाही. त्यातली एखादी तार थेट १२ व्होल्टची निघाली, कार्बोरेटरच्या सोलेनॉइडची (विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपेची) वगैरे, तर सरळ टेकवल्यावर फ्यूज उडेल, आणि कुणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली असेल तर वायरिंगच जळेल.

बल्ब काय करतो ते नीट बघा, तारेची ओळख त्यातच आहे. बल्ब मंद पेटला आणि पाण्याचा काटा हळूहळू वर निघाला, तर ती पाण्याच्या काट्याची तार. हे काटे गरम होणाऱ्या पट्टीवर चालतात, त्यामुळे दहा-पंधरा सेकंद वाट बघावी लागते. काटा ‘एच’कडे पोचला की लगेच सोडा. बल्ब मंद पेटला आणि डॅशवरचा तेलाचा दिवाही तसाच मंद पेटला, तर ती तेलाच्या स्विचची. बल्ब लख्ख पेटला आणि डॅशवर काहीच हलले नाही, तर ती रेडिएटरच्या पंख्याच्या थर्मो स्विचची किंवा थेट सप्लायची. तिचा माग हाताने काढा. बल्ब पेटलाच नाही तर तार मध्ये तुटली आहे, नाहीतर डॅशवरचा दिवा फ्यूज झालाय. पावसाळाभर शेतातल्या शेडमध्ये उभ्या गाडीत तुटण्याची जागा बहुधा उंदराने ठरवलेली असते: फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबराजवळ, नाहीतर बॅटरीच्या तळाशी.

या चाचणीत काटा वर गेला म्हणजे मीटर आणि तार दोन्ही ठणठणीत. आता सेन्सरकडे वळायला हरकत नाही.

पण कुठला सेन्सर, इथेच घोळ होतो. पाण्याच्या वाटेवर तीन वेगवेगळ्या वस्तू असू शकतात. एकाच तारेचा सेन्सर, काट्यासाठीचा. पंख्यासाठीचा स्विच, जो ठरावीक तापमानाला फक्त चालू-बंद होतो. आणि एमपीएफआय गाडीत (जिथे कार्बोरेटरऐवजी कंप्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारले जाते) दोन तारांचा, कंप्युटरसाठीचा. दुकानात ‘८०० चा पाण्याचा सेन्सर द्या’ म्हटले तर यातला कुठलाही हातात पडेल. काट्याचा सेन्सर ५० अंशांना साधारण १३५ ते १८० ओहम, ८० अंशांना ५० च्या आसपास आणि १०० अंशांना २६ ते ३० ओहम दाखवतो. कंप्युटरचा सेन्सर थंड असताना दोन हजारांच्या पुढे आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तो काट्याच्या तारेला जोडला तर काटा ‘सी’वरून उठणारच नाही, आणि दोष पुन्हा मीटरवर येईल.

विकत घेतलेला सेन्सर बसवण्याआधी घरीच तपासा. टोपात पाणी, त्यात सेन्सरचे पितळी टोक बुडेल असे तारेने टांगा, सोबत थर्मामीटर, आणि मल्टिमीटरचे एक टोक सेन्सरच्या पिनला, दुसरे त्याच्या अंगाला. पाणी तापेल तसा रोध सलग उतरत गेला पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी शंभराला नाही, ९७-९८ अंशांना उकळते. तेव्हा उकळत्या पाण्यात ३० ओहम दिसले तर सेन्सर बरोबरच आहे.

आता तो बोल्ट. तो काढल्यावर आतल्या आट्यांचे माप घ्या. जपानी घडणीत ही भोके बहुधा १/८ इंची पाइप आट्यांची, निमुळती असतात. बाजारात मिळणारे काही सेन्सर एम १० बाय १ चे, सरळ आट्यांचे. दोन्ही बाहेरून जवळपास सारखेच, पाइपच्या आटीचे अंतर ०.९०७ मिलिमीटर, दुसऱ्याचे १ मिलिमीटर. पहिले एक-दोन फेरे दोन्ही जातात, मग घट्ट लागते, पाना लावला की अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डच्या आट्या गेल्याच म्हणून समजा. हाताने दोन-तीन फेरे सहज फिरला तरच पाना हातात घ्या. निमुळता सेन्सर पूर्ण आत जाऊन टेकायचा नसतो. घट्ट झाल्यावर अर्धा-पाऊण फेरा बास. टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढेही नकोत. सेन्सरची अर्थ आट्यांमधूनच जाते, आणि ती टेप प्लंबरची आवडती असली तरी करंटला आडवी येते. एक वेढा, शेवटची आटी मोकळी ठेवून, किंवा द्रव सीलंटचा पातळ हात.

त्या बोल्टने आट्या आधीच खाल्ल्या असतील तर रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये बसणारा अॅल्युमिनियमचा अडॅप्टर मिळतो. होजचा आतला व्यास कॅलिपरने मोजून घ्या. तो दोन रबरांच्या मध्ये बसतो म्हणजे त्याला अर्थ मिळत नाही, हे विसरू नका. क्लॅम्पखाली वेगळी तार घेऊन ती ब्लॉकला जोडा.

सेन्सर नवा, तार चांगली, अर्थ चांगली, आणि तरी काटा पाव भागाच्या वर जात नाही? मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडून बघा. बहुतेक वेळा तो तिथे नसतोच. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही’ म्हणून तो काढून फेकायची रीत आपल्या भागात जुनी आहे, आणि ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन डिसेंबरच्या सकाळी तापायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त पिते, आणि तेलात पाण्याचा अंश साठू देते. नवा घेताना त्यावर उघडण्याचे तापमान कोरलेले असते, ८२ किंवा ८८. जुन्यावर असेल तेच घ्या. छोटे हवेचे छिद्र वरच्या बाजूला ठेवून बसवा, नाहीतर हवा अडकते आणि सेन्सर पाण्याऐवजी वाफेचे तापमान मोजत बसतो.

हे वाफेचे प्रकरण घाटात महागात पडते. चोर्ल्याचा घाट चढून येताना किंवा आंबोलीला काटा ‘एच’कडे गेला आणि मग अचानक झपकन खाली आला, तर ते गाडी थंड झाल्याचे लक्षण नाही. पाणी सेन्सरच्या खाली उतरले, सेन्सर हवेत उघडा पडला. तिथेच थांबा, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरच्या झाकणाला अर्धा तास हात लावू नका. असा काटा पडल्यावर हायसे वाटून पुढे दोन किलोमीटर गाडी हाकली की हेड गॅस्केट जाते.

तेलाचा दिवा. हा काटा नसून स्विच आहे: इंजिन बंद असताना तो अर्थशी जोडलेला, म्हणून दिवा लागतो, तेलाचा दाब साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर गेला की सुटतो आणि दिवा विझतो. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर वरची बल्बची चाचणी पुरेशी आहे. स्विचची तार बल्बमधून अर्थला टेकवल्यावर दिवा लागला तर स्विच बाद, नाहीतर डॅशवरचा बल्ब किंवा तार. पण जुनी गाडी घेतली असेल तर एक संशय मनात ठेवा. गरम इंजिन आयडलला असताना हा दिवा मिणमिणायला लागला की काही लोक तारच काढून टाकतात, आणि तशीच गाडी विकतात. म्हणून तार जोडल्यावर दिवा आयडलला पेटायला लागला तर लगेच ‘स्विच खराब’ म्हणू नका. स्विच काढून त्या भोकात यांत्रिक प्रेशर गेज लावा. पूर्ण गरम इंजिन ३,००० आरपीएमला ३ किलोच्या आसपास दाब दाखवत असेल तर स्विचच बदला. एक-दीड किलोवरच अडकत असेल तर बेअरिंग किंवा पंप झिजलाय, आणि तो दिवा खरेच बोलत होता. गाडीच्या सगळ्या दिव्यांत हा एकच असा आहे की तो नसताना गाडी चालवू नये.

शेजारचा बॅटरीचा दिवाही चावीवर लागायला हवा. तो फ्यूज असेल तर बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंटच मिळत नाही आणि चार्जिंग होत नाही. तिथे एलईडी बसवला तरी तोच प्रकार, कारण त्यातून पुरेसा करंट जात नाही. बाकी मीटरला हवे तेवढे एलईडी लावा, इथे साधाच बल्ब.

पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून कोसळतो, हे टँक युनिटच्या, म्हणजे टाकीतल्या फ्लोटवाल्या सेन्सरच्या, झिजलेल्या रोधाच्या पट्टीचे लक्षण. गाडी रोज अर्ध्या टाकीच्या आसपास चालते, त्यामुळे पट्टीचा मधला भाग आधी खातो. तरी टाकी उतरवण्याआधी खात्री करा. टाकीजवळचा कनेक्टर सोडवा आणि काट्याची तार रेझिस्टरमधून अर्थला द्या: १०० ओहमला काटा ‘ई’जवळ, ३३ ला अर्ध्याच्या आसपास, १० ला ‘एफ’कडे. तिन्ही जुळले तर मीटर आणि तार निर्दोष. मग कनेक्टर परत जोडून युनिटची अर्थ. मागच्या बाजूला लाल चिखल बसून ती काळी तार गंजते. एक लांब तार आधी युनिटच्या झाकणाला लावा आणि मग दुसरे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. ठिणगी पडायचीच असेल तर ती बॅटरीपाशी पडावी, टाकीपाशी नाही. काटा सुधारला तर काम पाच मिनिटांत संपले.

नसेल सुधारला तर युनिट बाहेर. टाकी पाव भागाच्या खाली, बॅटरीची निगेटिव्ह सोडलेली, गाडी मोकळ्या हवेत, आणि आसपास विडी-सिगारेट कुणाचीच नाही. युनिट हातात आल्यावर मल्टिमीटर लावून दांडी तळापासून वरपर्यंत अगदी सावकाश फिरवा. रोध शंभराच्या वरून सुरू होऊन वीसच्या आत सलग उतरायला हवा. मध्येच आकडा जाऊन सर्किट तुटल्याचे दिसले, तीच मेलेली जागा. काँटॅक्ट क्लीनर आणि कापूस फिरवून पट्टी साफ करा, आणि घासणारे पितळी बोट अगदी किंचित बाजूला वाकवून न झिजलेल्या भागावर आणा. वर्ष-दोन वर्षे सुखाने जातात. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळले तर तो बुडका फ्लोट कायम कमीच दाखवणार. झाकणाचे गॅस्केट जुने परत लावू नका. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनी रबरे फुगतात आणि मऊ पडतात. नवे लोकल युनिट घेतले तर बसवण्याआधी त्याचाही रोध दोन्ही टोकांना मोजा. उलटा किंवा वेगळ्याच मापाचा निघाला तर भरलेली टाकी रिकामी दिसते. बसवल्यावर रिकाम्या टाकीत मोजून ५-५ लिटर भरा आणि काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. टाकी २८ लिटरची आहे, सहा नोंदीत काम भागते.

मीटर बाहेर काढलाच तर मागची तांब्याची पातळ छापील पट्टी उजेडात धरून बघा. केसासारखी भेग किंवा जळका डाग दिसला तर वरून बारीक तार सोल्डर करा. २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरे, मोठे लावलेत तर प्लास्टिक वितळेल. काट्यांच्या मागचे छोटे नट नुसते धरून ठेवायला नसतात, करंट त्यांतूनच जातो. ते सैल असतील तर हलकेच आवळा. काळे पडलेले टोक शाळेच्या खोडरबराने पुसले तरी उजळते.

स्पीडोमीटर थरथरतो तो कोरड्या किंवा मुडपलेल्या केबलमुळे. आतली तार ओढून काढा, रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, सपाट फरशीवर लोळवा. वाकडी असेल तर लगेच उडी मारते, मग बदलाच. ग्रीस खालच्या दोन तृतीयांश भागाला, आणि तेही पातळ. मीटरकडचा हातभर भाग कोरडा ठेवा, नाहीतर ग्रीस फिरत फिरत मीटरच्या चकतीत चढते आणि काटा गाडी उभी असतानाही वीस दाखवतो. बसवताना कुठेही तीव्र वळण नको. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही बंद असतील तर केबल किंवा गिअरबॉक्सचे प्लास्टिक चाक. आकडे चालू आणि काटाच बंद असेल तर मीटर. पंधरा वर्षांनंतरच्या आरसी नूतनीकरणाला गाडी न्यायची असेल तर हे काम आधी उरका.

२००० नंतरची एमपीएफआय ८०० असेल तर स्पीडोमीटरच्या मागे छोटा रीड स्विच (चुंबकाने उघडझाप होणारा) असतो, केबलच्या एका फेऱ्यात चार पल्स देणारा. केबल तुटली की तोही गप्प होतो. सिग्नलला थांबताना गाडी अधूनमधून बंद पडत असेल तर आधी तिथे बघा. चेक इंजिनच्या दिव्याच्या लुकलुकण्याचे कोड मोजले तर १२ म्हणजे दोष नाही, १४ किंवा १५ पाण्याचा दोन तारांचा सेन्सर, २४ वेगाचा सिग्नल. चावी फिरवल्यावर तो दिवा मुळात पेटतो का, हे आधी पाहा. पेटत नसेल तर बल्ब जागेवर आहे का, ते मीटरच्या मागे हात घालून चाचपा.